आईचं एक वाक्य

दीडशे वाक्यांपासून मी सुरुवात केली होती. आमच्या हुडकेश्वरच्या विहारातून आम्ही सोळा जण थायलंडला निघणार होतो आणि भाषेचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मोबाइलवर मराठी वाक्याचं थाई करायचं, तेच थाई पुन्हा मराठीत फिरवायचं, अर्थ जुळला तरच वहीत उतरवायचं, अशी माझी पद्धत होती. तीस वाक्यं परत येताना बिघडली. ती खोडली. उरली एकशेवीस.

शंभरापर्यंतचे आकडे मला चार दिवसांत आले. बायको म्हणाली, "आकडे झाले, पण भूक लागली तं भात मागता येते का तुम्हाले?"

येत नव्हता.

आईला मात्र एकच वाक्य हवं होतं. तिचं वय चौऱ्याहत्तर. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. पायमशीनवर दोन महिने बसून तिनं तिथल्या विहारातल्या भंतेजींसाठी चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, शिवलं होतं. चीवराला पट्टे विषम लागतात, म्हणून सात पट्टे. ते स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात द्यायचं आणि 'हे मी शिवलं' एवढं त्यांच्या भाषेत म्हणायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. थाईत ते तीन शब्दांत बसलं: छान येप एंग. त्यातला 'छान' म्हणजे 'मी'. "छान तं आपलाच शब्द हाय," असं म्हणून ती स्वयंपाकघरात, अंगणात, पोळ्या लाटताना तेवढंच घोकत राहायची.

तिथल्या विहारातल्या एका उपासकाशी माझं मेसेजवर बोलणं चाले. माझी आई स्वतःच्या हातानं चीवर देईल, असं मी त्यांना कळवलं. उत्तर आलं की भिक्खू स्त्रीच्या हातून काही घेत नाहीत. ते समोर कापड पसरतात, आईंनी त्यावर ठेवावं.

भाषांतर चुकलं असेल असं मला वाटलं. मी ते मराठीत पाहिलं, हिंदीत पाहिलं, इंग्रजीत पाहिलं. तिन्हीकडे तेच. पुन्हा विचारलं, तर त्यांनी कापड पसरलेला एक फोटोच पाठवला. आमच्याकडचे भंतेजी आईच्या हातून ताट घेतात, तिच्या हातचं जेवतात. त्यामुळे हे विचारायला हवं, असं आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं.

आईचं बालपण उमरेडकडच्या एका खेड्यात गेलं. धम्मदीक्षेनंतरही काही वर्षं तिथे दुसऱ्यांच्या घरी पाणी मागितलं की ओंजळ पुढे करावी लागे आणि पाणी वरून पडे. तिनं हे मला एकदाच सांगितलं आहे. आता तिच्यासमोर कापड पसरतील. नियम वेगळा आहे, कारण वेगळं आहे, हे मला कळत होतं. पण तिथे, त्या क्षणी, तिला काय वाटेल याचा हिशेब मला लागेना. सांगावं तर ती यायचीच नाही. न सांगावं तर सोळा जणांसमोर तिचे हात पुढे होतील आणि तसेच राहतील. नऊ दिवस मी गप्प बसलो. रोज सकाळी ती माझ्यासमोर येऊन वाक्य म्हणून दाखवी आणि मी "बरोबर" म्हणे.

दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "ते हातात घेतील तेव्हा मी खाली पाहू का वर?"

मग सांगावंच लागलं. फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"बाईच्या हातून घेत नाही, का माह्या हातून?"

"बाईच्या."

"साऱ्याच बायांच्या? मोठ्या घरच्याही?"

"हौ माय. साऱ्याच."

"पक्कं विचारलं?"

मी तिच्यादेखत विचारलं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: राजघराण्यातली स्त्री असली तरी कापडच. तिनं मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही.

मी उपाय काढला. "मी देतो त्याहिच्या हातात. तू माह्या कोपराले हात लावून उभी राह्य. तसं चालते तिथं."

"शिवलं म्या, अन् देशील तू? काहून गा?"



ती उठली, चीवराची घडी नीट केली, परत येऊन बसली. "ठेवीन कापडावर. त्याहिचा नेम हाय, मी मोडणार नाही. पण त्याहिले सांगजो, मी लहान होती तं मले पाणी वरून देत. हातात देत नव्हते. तेवढं त्याहिले माहीत असू दे."

"माय, भंतेजीले असं कसं म्हणू? त्याहिले वाईट वाटंल."

"मी भांडाले नाही सांगून राहिली."

"तरी बी. मले नाही जमणार."

"तं नको म्हणू. शिकव मले. मीच म्हणीन."

वाक्य लांब होतं. मी दोनदा फिरवून पाहिलं. अर्थ जसाच्या तसा परत आला. चुकला असता तर खोडता आला असता. निघायला अकरा दिवस होते. मी वहीत एकशेएकविसावा आकडा घातला आणि मोबाइल तिच्या कानाजवळ धरून आवाजाचं बटण दाबलं.

"तॉन देक," ती म्हणाली. म्हणजे 'लहानपणी'. "पुढं?"