फाटकाचा उरलेला रंग

मळमड्डीच्या त्या गल्लीत एखादी वस्तू बिघडली, तर लोक ती वादिराजरावांपासून लपवतात. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर आपण इंजिनिअर असल्याचा साक्षात्कार झाला. एक पाना, एक तेलाची बुधली, एक ब्रश. शेजारच्या श्रीलक्ष्मीचा मिक्सर त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून ती पाट्यावर वाटते.

त्यांच्या बायकोनं, अंबूताईंनी हे सगळं हसून सोडलं असतं. पण त्यांचा श्वास आता सिलिंडरवर होता. फुप्फुसं थकली. खोलीत ऑक्सिजनचं मोठं लोखंडी सिलिंडर आलं आणि त्याच्या नळीपलीकडचं जग सात महिने बंद झालं. भाद्रपदात जुन्या हुबळीच्या सिलिंडरवाल्या हणमंतानं छोटं आणून दिलं. काळ्या धाग्यांनी गुंडाळलेलं, खांद्याला अडकवण्याइतकं हलकं.

"अक्कोरे," तो म्हणाला. शाळेतल्या बाईंना इकडे असंच म्हणतात. "आत नुसता पातळ पत्रा, बळ सगळं या धाग्यांचं. बाहेरच्या हवेच्या दीडशेपट दाब कोंडलाय. तेलाचं बोट नको, दिवा जवळ नको, रंग नको. आणि पडलं तर वरून दिसो न दिसो, आधी मला फोन."

वादिराजराव मागे उभे राहून मान हलवत होते. न वाचता सही करण्याआधी ते अशीच हलवत.

अंबूताईंना एकच करायचं होतं. दसऱ्याला हुबळीला जाऊन कुसुमावतीच्या हातात सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवायची. शाळेत बरोबरीनं शिकवलेली मैत्रीण, आता अंथरुणाला खिळलेली. साडीसुद्धा काढून ठेवली होती.

खंडेनवमीला सकाळी त्या नळी पुरली तिथवर, दारापर्यंत आल्या. हॉलमध्ये पाटावर पूजा मांडली होती. पाना, बुधली, स्कूटरची किल्ली आणि मधोमध त्यांचं सिलिंडर, हिरवंगार. फाटकाला लावून उरलेला रंग. त्यावर कुंकवाची बोटं, पुढ्यात समई.

"आधी समई शांत करा."

"पूजेच्या मध्येच? अगं, अशुभ असतं."

"मग पूजा होऊ द्या, मी शांत होते."

समई विझली. अंबूताईंची नजर सिलिंडरवरून हटेना.

"रंग का दिलात?"

"जुनं दिसत होतं."

"महिन्याभरात?" त्यांनी निरखून पाहिलं. एका कडेला रंगाखाली धागे पिंजल्यासारखे उभे होते. "पडलं?"

"टेकलं."

"कुठून?"

"जिन्यावरून. तीन-चार पायऱ्या. काही होत नाही गं, दोन हात दिलेत. आता सणासुदीला हणमंताला बोलावलंस, तर उद्याचं जाणं बुडेल तुझं."

तेवढं मात्र खरं होतं. अंबूताईंनी क्षणभर काढून ठेवलेल्या साडीकडे पाहिलं, मग फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "मी नाही सांगणार. ज्यानं रंगवलं, त्यानं सांगावं."

"हणमंता, जरा रंगाचं विचारायचं होतं…"

"पडलं का साहेब?"

वादिराजरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं नजर हलवली नाही.

"पडलं."

"किती पायऱ्या?"

"अकरा."

पलीकडे हणमंत कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, ते दोघांनाही नीट समजलं. "हात लावू नका. खिडक्या उघडा, अक्कोरेंना आत न्या, दार लावून घ्या. मी येऊन हवा हळूहळू सोडतो. ते आता बाद. दुसरं सोमवारी."

दसऱ्याला पानं घेऊन वादिराजराव एकटे निघाले. चपला घालताना त्यांनी विचारलं, "कुसुमावतींना काय सांगू?"

"अकरा पायऱ्या सांगा."

दुपारी कुसुमावतीचा फोन आला. आवाज भरून आलेला. "अंबू, वाचलीस गं! सिलिंडरच सदोष निघालं म्हणे. वादिराजरावांनी वेळीच ओळखलं म्हणून बरं!"

"पायऱ्यांचं काही बोलले?"

"कसल्या पायऱ्या?"

अंबूताईंनी नाकातली नळी नीट केली, दोन श्वास घेतले. मोठ्यानं बोलायला त्यांना तेवढी तयारी लागे.

"अजून तिथेच आहेत ना? बसव त्यांना. आणि फोन स्पीकरवर ठेव."