गडावरून आईला दिलेली हाक

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात धर्मांचा अभ्यास शिकवते. देव बदलत नाही, पण त्याच्याकडे पाहणारे डोळे बदलतात आणि ते का बदलतात, हा माझा विषय. सिनेमाची गाणी, टीव्हीवरच्या पौराणिक मालिका, मोबाईलवरचे रील यांतून आपल्या गावोगावच्या देवींची रूपं कशी घडत गेली, यावर मी बरीच वर्षं काम केलं. हे काम करताना मी देवळात गेले की हात जोडण्याआधी सगळं न्याहाळत असे. माझी श्रद्धा आहे की नाही, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं. घरात दिवा लावायचे, पण तो आईसाठी.

गेल्या नवरात्राच्या तोंडावर एका कार्यक्रमात मी सिन्नरच्या बाजूला असलेल्या एका गडावरच्या देवीबद्दल बोलले. ती आमच्या माहेरची कुलदेवी. एका मालिकेनंतर तिचा मुकुट, तिच्या साडीचा रंग, आरतीची चालसुद्धा कशी बदलली, हे मी मायेनेच सांगितलं होतं. कुणीतरी त्यातलं एकच वाक्य कापून पसरवलं. त्या तुकड्यात मी म्हणत होते, "ही देवी मालिकेतून आली आहे." त्याच्या आधीचं "लोकांना वाटेल की" गायब होतं. दोन दिवसांत माझा फोन हातात धरवेना. शिव्या होत्या, शाप होते, आणि एकाने लिहिलं होतं, गडावर पाय ठेवून दाखवा. प्राचार्यांनी मला काही दिवस घरीच थांबायला सांगितलं आणि परत कधी यायचं, ते सांगितलं नाही. दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून पाहून घेई.

अशात आईने गडावर जायचा धोशा लावला. आईला विसरण्याचा आजार आहे. कित्येक महिन्यांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मी तिला कधी शेजारीण वाटे, कधी नर्स. पण नवरात्र आलं हे तिला बरोबर कळलं. ती सारखी विचारायची, ओटी कधी भरायची? भाऊ म्हणाला, यंदा नको, लोक चिडलेत. मलाही तेच वाटत होतं. पण आई जेवेना. शेवटी मी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला, वर चष्मा चढवला आणि सिन्नरहून तिला घेऊन जीपने गडावर गेले.

दर्शनाच्या रांगेत मी मान खाली घालून उभी होते. कुणी फोन वर धरला की वाटायचं, आपलाच फोटो काढताहेत. ओटी भरून झाली. बाहेर येऊन चपला घालायला वाकले, सरळ झाले, तर आई शेजारी नव्हती.

मी आधी देवळाभोवती फिरले, मग पायऱ्यांकडे धावले. सगळीकडे हिरव्या साड्या, आणि आईनेही हिरवीच नेसलेली. गडाच्या मागच्या अंगाला उघडा कडा आहे, त्याला कठडा नाही. ते मला आठवलं. कुणाला विचारावं तर स्कार्फ सोडावा लागणार, आणि तो सोडायची भीती वाटत होती. त्या क्षणी मी देवीला काय म्हणाले, ते आता मांडता येत नाही. शब्द असे नव्हतेच. माझ्या हातात काही उरलं नाही एवढंच कळलं, आणि मी स्कार्फ ओढून काढला.

मंडपात महिलांचं भजनी मंडळ गात होतं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. पेटी वाजवणाऱ्या बाई थांबल्या. पुढे कळलं, त्यांचं नाव सुनंदाताई. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही त्या व्हिडिओतल्या मॅडम ना?"

मी हो म्हणाले आणि सांगितलं, आई हरवली आहे, तिला काही आठवत नाही.

मंडपात कुजबुज सुरू झाली. सुनंदाताई उठल्या. "राग हाय मला तुमचा, लय राग हाय," त्या म्हणाल्या. "पण आधी आई बघू." त्यांनी चार बायकांना कड्याकडे पिटाळलं आणि माईक माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला. आईला लेकीचा आवाज कळतो."

माझा आवाज तिला कळत नाही, हे सांगायला मला धीर झाला नाही. अख्खा गड ऐकत होता. मी म्हणाले, "आई, मी देवळापाशी आहे. मी आलेय गं तुला न्यायला." तीनतीनदा तेच म्हणत राहिले. 

थोड्या वेळाने पायऱ्यांवरून बांगड्यांच्या दुकानातले एक वयस्कर चाचा आईचा हात धरून येताना दिसले. आई त्यांच्या दुकानापुढे हात पुढे करून बसली होती. बाईंचं काही ठीक नाही हे त्यांनी ओळखलं आणि ती उठू नये म्हणून तिच्या हातात एकेक बांगडी चढवत, पुन्हा उतरवत राहिले. "तुमचा आवाज आला तशा उठल्या," ते म्हणाले. "म्हणाल्या, माझी लेक बोलावतीये."

मी आईला मिठी मारून रडले. तोवर आई सगळं विसरली होती. तिने सुनंदाताईंना विचारलं, या कोण रडताहेत?

निघताना सुनंदाताईंनी मला पाणी दिलं आणि व्हिडिओत खरं काय म्हणाले होते ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "तरी मला पुरतं पटलं नाय. पण तुम्ही वाईट बोलला नव्हता, एवढं मी सांगेन लोकांना." त्यांनी ते सांगितलं असावं. गडाकडच्या लोकांचे फोन हळूहळू थांबले. बाकीचे अजून अधूनमधून येतात. कॉलेजात मला परत घेतलं, पण तो विषय शिकवताना अजूनही प्रत्येक वाक्य तोलून बोलते.

जुने आवाज मेंदूत खोल कुठेतरी टिकून राहतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तसंच झालं असेल. ज्या बाईला माझा राग होता तिलाच माईक माझ्या हाती द्यावासा का वाटला, याचं कारण मात्र मी शोधत नाही. ते देवीचं देणं म्हणून मी घेतलं आहे.

परवा आईला भात भरवत होते. तिने मला ओळखलं नव्हतं. घास गिळून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमचं कल्याण होवो." पूर्वी माझं मन खट्टू झालं असतं. मी वाटी खाली ठेवली, डोकं तिच्या मांडीवर टेकवलं आणि आशीर्वाद घेतला.