गडाची तहान कुणाला ठाऊक

कडुनिंब फुलला की लातूरच्या आमच्या वाचनालयाच्या अंगणात एक गंध उतरतो. कोवळा, मधाळ, किंचित कडसर. तापल्या फरशीवर पांढऱ्या फुलांचा बारीक सडा पडतो आणि खुर्ची ओढली की तो वाजतही नाही. इतक्या कडू झाडाला इतका गोड श्वास कुठून मिळाला? झाडाला असं कुणी विचारत नाही, हे त्याचं भाग्य. माणसाला मात्र विचारतात, तू कुठून आलास, कुणाचा आहेस. त्याच विचारण्याचा मला संताप आला आहे, आणि तो संताप घेऊनच, मित्रा, मी तुझ्यापाशी बसले आहे.

त्या निंबाखाली महिन्यातून एका रविवारी आम्ही काही वाचक जमतो. कुणी नांदेडहून एसटीने, कुणी हदगावहून, मी उदगीरची. आम्हाला बांधणारा धागा एकच: सहा भागांत पसरलेली एक अद्भुत कादंबरीमाला आणि अजून न आलेला तिचा सातवा भाग. तिच्यात पाण्याविना वाळत चाललेला एक गड आहे, रिकामं सिंहासन आहे, आणि मरता मरता एका जोगिणीने उच्चारलेलं भाकीत आहे. ज्या हातांना गडाची तहान ठाऊक आहे, त्याच हातांनी अखेरचा दरवाजा उघडेल. बस्स. कुणाचे हात, ते लेखकाने सांगितलेलंच नाही. आणि लेखक जिथे मौन धरतो, तिथे वाचकाचं राज्य सुरू होतं!

नांदेडला वकिली शिकणारे प्रशांतदादा आमचे म्होरके. त्यांच्या मते ते हात पाळण्यातून पळवलेल्या राजपुत्राचे, आणि तो राजपुत्र म्हणजे सैन्यातला अबोल धनुर्धर. हदगावचा कैलास सेनापतीच्या मुलीला गुप्त राजकन्या ठरवतो. आणखी एकाला आंधळ्या अमात्यातच जुना राजा दिसतो. पुरावे काय, तर खांद्यावरचा तीळ, अंगठीचा खडा, आईकडून आलेले घारे डोळे. ऐकता ऐकता मला आमच्या घरची बैठक आठवते. सोयरीक बघायला आलेली मंडळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी आजोळ, मामाचं गाव, चुलत्याची सून कुठली, सगळं खणून काढतात. मुलगी काय वाचते हे विचारण्यापूर्वी कप रिकामे होतात. हे सिद्धांत कसले, या तर सोयरिकीच!

चाकूरची रेणुका नर्सिंग शिकते. मागच्या खुर्चीवर ती इतकी गप्प असायची की तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. निंबाला नुकता मोहर धरला होता त्या रविवारी ती पहिल्यांदा बोलली. प्रत्येक भागात दोन ओळींपुरती एक बाई येते, घागर घेऊन गडाच्या पायऱ्या चढते आणि नाहीशी होते. तिला नाव नाही. रेणुकाचं म्हणणं, ते हात तिचे. राजाला तहान लागते तेव्हा पेला पुढे येतो. कुठलं टाकं किती खाली गेलं, हे त्या बाईलाच कळतं. टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावलेली मी, मला ते तिथल्या तिथे पटलं.

दादा हसले. "अगं, तिचं घराणं कुठं दिलंय? तिला नाव तरी द्यायचं होतं लेखकानं."

"नाव नसलं म्हणून काय झालं दादा? पाणी तर तीच आणायलीय."

दोघंतिघं हसले. मग दादांनी अगदी सहज, ज्या सहजपणाची मला चीड आहे त्या सहजपणाने, विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय गं? चाकूरला कुणापैकी तुम्ही?"

सिद्धांताला उत्तर म्हणून आडनाव मागितलं गेलं, मित्रा! रेणुकाने ते सांगितलं, न अडखळता. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तरीच."

सातव्या भागाच्या स्वागतासाठी सगळ्या सिद्धांतांचं एक पत्रक काढायचं ठरलं होतं, आणि ते लिहायचं माझ्याकडे होतं. मुलींच्या एसटी पासासाठी, वसतिगृहाच्या नळासाठी पत्रकं लिहून माझा हात बसलेला. रेणुकाचा सिद्धांत वगळा, जागा पुरत नाही, असं दादा म्हणाले. मी म्हटलं, "इतक्या राजपुत्रांना जागा हाय अन् एका घागरीला न्हाई? मग तुमचं पत्रक तुम्हीच लिहा." ते पत्रक अजून निघालेलं नाही. रेणुका मात्र त्या रविवारी तिथूनच पिशवी उचलून बसस्टँडकडे निघून गेली. ती परत येईल का, ही एकच काळजी मला पुढचा महिनाभर लागून राहिली.

काय ही आपली कल्पनाशक्ती! अजगर आकाशातून उडाला तर आपण मान डोलावतो, चंद्र माणसासारखा बोलला तर डोळे पुसतो. पण पाणी वाहणारीने दरवाजा उघडला की लगेच ते अशक्य वाटू लागतं. स्वप्नात जातानाही आपण गावचा तो एक प्रश्न खिशात घालून नेतो. मला तो दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, कारण उदगीरच्या बाजारात वडिलांच्या दुकानाच्या पाटीवर माझं आडनाव ठळक रंगवलेलं आहे. आमच्याकडे गळ्यात इष्टलिंग बांधताना शिकवतात, भक्ताची जात विचारू नये. आणि त्याच गळ्याने आम्ही ओट्यावर टेकलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कोणता करतो? मोक्षाच्या गोष्टी गळ्यात आणि चौकशी जिभेवर, असा हा आमचा संसार आहे.

पुढच्या महिन्याच्या रविवारी रेणुका आली. उशिरा आली, पण मागे नाही, पुढच्या खुर्चीवर बसली. तोवर निंबाचा सडा पडू लागला होता. थोड्या वेळाने फाटकाशी एक नवा वाचक घुटमळला, बिलोलीहून आलेला, औषधाच्या दुकानात काम करणारा. दादांनी हसून हात केला. "या, या. बिलोलीत कुणा..."

रेणुकाने शेजारची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरची फुलं तळहाताने झाडली. "बसा भाऊ. आधी सांगा, दरवाजा कोण उघडणार?"

तो माणूस बसला, रुमालाने मान पुसली आणि विचारात पडला. आम्ही सगळे वाट बघत होतो, दादासुद्धा. वरून फुलं पडत होती, तो कडू झाडाचा गोड गंध दाटून आला होता, आणि त्या अंगणात पहिल्यांदाच एका माणसाला आडनावाच्या आधी त्याचं मत विचारलं गेलं होतं.