बर्फात बसून पाहिलेलं

तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं की बर्फाचा वास येतो आणि पलटणीतला स्कीचा कोर्स आठवतो. मी कोकणातला, बर्फ कधी न पाहिलेला. तरी हट्टानं नाव दिलेलं. सकाळपासून नुसता आपटत होतो, आता परत पाठवणार हे ठरल्यातच जमा होतं. शेवटी उठलोच नाही. शिकवणारे लडाखी हवालदार ओरडतील असं वाटलं, तर ते शेजारीच बर्फात बसले. म्हणाले, "थक गया? बैठ. पहले देख तो ले, कहाँ आया है." तेव्हा कुठे मी मान वर केली. उन्हात शिखरं उभी होती, आणि माझाच श्वास मला ऐकू येत होता. मग उठलो, आणि न पडता खाली उतरलो. "काका, दार लावा, गारवा जातोय!" सुपरवायझर ओरडतो. मी लावतो. थकतो आताही, फक्त "बैठ" म्हणणारं कुणी नाही, आणि मान वर केली तर छतापर्यंत माशांची खोकी.