पालथ्या पाट्या

इंद्रलोक वसाहतीत तळमजल्यावरच्या घरात शुभदाताई चौथीच्या मुलांची शिकवणी घेतात. त्यांची पद्धत ठरलेली. प्रश्न आला की प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवायची. मग वाद. दुसऱ्याचं खोडायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. "नाहीतर मोठ्या आवाजाचाच जिंकतो," त्या म्हणतात.

त्यांचे सासरे काशीनाथराव मे महिन्यात गेले. ही मुलं जूनमध्ये आली.

पुण्याहून मुलगा नीलेश रोज फोन करतो. "आई, गेलेल्या माणसाची काठी ऐकू येते म्हणतेस. घर विकूया, इकडे ये." शुभदाताईंना घर सोडायचं नव्हतं. पण आपलंच डोकं फिरतंय का, हेही कळेना.

सोमवारी संध्याकाळी शिकवणीच्या वेळी आतल्या बंद खोलीत टक्‌टक् झालं. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "आत्ता काय ऐकलंत? लिहा."

सहा पाट्या उलटल्या. पाचांवर 'ठकठक', मिनलच्या पाटीवर 'काठी'.

"पंप असेल," अथर्व म्हणाला.

"अथर्व म्हणतोय पंपामुळे पाइप हलतो. पण पंप सकाळी लावतात," मिनल म्हणाली.

"मग वरचे काहीतरी कुटतायत."

"तू म्हनतोस वरचे कुटतात," नवघर गावातला स्वरूप म्हणाला. "पन वर जाऊन आलो मी आत्ता येताना. कुलूप हाय."

मुलांनी खोली उघडून पाहिली. खाट, गुंडाळलेली गादी, बंद खिडकी. काठी नव्हती. ती म्हाताऱ्याबरोबरच स्मशानात गेली होती.

"ताई," मिनल म्हणाली, "तुम्ही स्वरूपला ओरडलात, लगेच झालं. शुक्रवारी मला ओरडलात, तेव्हाही."

शुभदाताई पूर्वी मुलांवर आवाज चढवू लागल्या की सासरे आतून काठी आपटत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"करून बघूया. ओरडा ना, ताई."

"कुणाला?"

"अथर्वला! त्याला सवय आहे."

मुलं हसली. त्या ओरडल्या.

टक्. टक्.

हसू थांबलं. स्वरूपने त्यांचा पदर घट्ट धरला. "म्हणजे आत कुणाला तरी तुम्ही ओरडलेलं आवडत नाही," मिनल हळूच म्हणाली. खोडायला कुणीच पुढे आलं नाही.

मुलं गेल्यावर त्यांनी नीलेशला फोन लावला. "मी येत नाहीये. वेड लागलेलं नाही मला. सहा जणांनी ऐकलंय."

"आई, चौथीतली पोरं ती! त्यांना काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त—" त्यांचा आवाज चढला, आणि तिथेच थांबला. आतल्या दाराकडे बघत, अगदी हळू आवाजात, त्यांनी वाक्य पुरं केलं.