सुनेच्या माहेरी गेलेली सासू

"शरम कशाची? चोरी केली का आपुन?"

मामींचं हे ठरलेलं वाक्य. आधी पदर कमरेला खोचायचा, समोरच्याकडे एकदा नीट बघायचं, मग हे बोलायचं. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही हेच आणि देवळाच्या ओट्यावर पाय पसरून बसतानाही हेच.

पुंडलिकनगरात त्या आमच्या समोर राहायच्या. मूळच्या पैठणकडच्या, मेंढरांमागे वाढलेल्या. मुलगा कारखान्यात लागला तशा शहरात आल्या, पण दोन शेळ्या सोबत घेऊनच. मी शाळेत शिकवायची, म्हणून मला 'बाई' म्हणायच्या.

मुलाच्या लग्नाला वर्ष झालं नसेल, तोच सुनेला खोकला लागला. संध्याकाळी ताप यायचा, अंग वाळत चाललं. दवाखान्यात तपासल्यावर टीबी निघाला. अशा वेळी गल्ली कशी वागते, ते तुम्हीही पाहिलं असेल. साखर मागायला स्वयंपाकघरापर्यंत येणाऱ्या बायका फाटकातूनच बोलू लागल्या. मामींचे धाकटे दीर गावाहून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, पोरीला तिच्या आईकडं धाडा. पोरगं तरणं हाय, दुसरी बघू."

सून दाराआड उभी होती. मी तिथंच बसले होते. मामींनी पदर खोचला.

"भावजी, तुमाला मोतीबिंदू झाला तवा जाऊबाईनं दुसरा बघितला व्हता का?"

दिरांनी बशीतला चहा संपवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मामींनी सुनेची खाट खिडकीशी हलवली. जुनं लुगडं फाडून तोंडाला धरायचे रुमाल केले. ते रोज उकळून दोरीवर वाळत घालायच्या, गल्लीला दिसतील असे. सकाळी उंबऱ्यात बसवून गोळ्या द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आ कर. जीभ वर कर."

पावसाळ्यापर्यंत खोकला थांबला, गाल भरले. सुनेला वाटलं, झालं. गोळ्यांनी मळमळायचंही फार. औषध अर्ध्यात सोडलं तर दुखणं उलटतं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तेवढ्यात तिचा भाऊ पंचमीला न्यायला आला. मामींनी सुनेची पिशवी भरली आणि शेजारी आपलीही भरली.

"मामी, सुनेबरोबर सासू माहेरी?" मी विचारलं.

"गोळ्या चालल्यात, बाई. मी त्यांच्या मागं चाललीय. शेळ्यांकडं बघा जरा."

पंचमीला गेलेल्या मामी पोळा झाल्यावर परतल्या. तिथलं पुढं सुनेनंच मला सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, लेक बरी झाली, आता कशाला त्या गरम गोळ्या? मामी भांडल्या नाहीत. मुक्काम मात्र हलवला नाही.

एकदा सुनेनं गोठ्यामागे जाऊन गोळी थुंकली. मामींनी पाहिलं. रागावतील म्हणून ती अंग चोरून उभी राहिली, तर त्या तिच्याजवळ खालीच बसल्या.

"माझी थोरली बहीण ह्याच बिमारीनं गेली," म्हणाल्या. "मेंढरांच्या वाड्याबाहेर झोपडी घालून दिली व्हती तिला. आमाला जवळ जाऊ देत नव्हते. लांबून हाका मारायची ती. तवा गोळ्या आमच्याकडं आल्याच नव्हत्या गं."

सुनेनं दुसरी गोळी मागून घेतली. विहीणबाईंनी हे चुलीपाशी बसून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी मामींच्या आधी आईनंच "गोळी घेतली का?" विचारलं, असं सून हसत सांगायची.

औषध पुरं झालं, तपासणी चांगली आली. मामींनी शिरा केला आणि फाटकातून बोलणाऱ्या एकेकीला हात धरून आत आणलं. "बसा. इथं खाटंवरच बसा." बायका बसल्या. पोटभर खाल्लं. नंतर पूर्वीसारख्या साखर मागायलाही यायला लागल्या.

नातू झाला, तो शाळेत जायला लागला. मामी थकल्या. शेवटच्या हिवाळ्यात त्यांचे पाय चालेनात. तेव्हा रोज सकाळी सून त्यांना दोन्ही हातांवर उचलून अंगणातल्या उन्हात आणायची. एकटीनं, श्वास न लागता, वाटेत मुलाला हाका मारत.

"हळू गं, पाडशील," मामी म्हणायच्या.

"नाय पाडत, आत्याबाई."

मामींचे पाय लोंबत असायचे. डोळे मिटलेले, डोकं सुनेच्या खांद्यावर. खुर्ची जवळ आली तरी त्या तिच्या गळ्यातला हात लवकर काढायच्या नाहीत.