ज्याच्यासाठी पूजा आटोपती घेतली

मित्रांनो, आज सकाळी देवापुढं नुसता दिवा लावला आणि हात जोडून निघालो. स्तोत्र म्हणायचं राहिलंच. दत्तूला घ्यायला वेळेत पोचायचं होतं.

दत्तू आणि मी चिंचोळी एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला आहोत. त्याच्याकडं गाडी नाही, म्हणून दोनेक वर्षं वाट वाकडी करून मी त्याला नेतोय. मी दारात पोचतो तेव्हा तो अंघोळीला गेलेला असतो. मग दोघांनाही उशीर होतो. त्याला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही.

आज सुपरवायझरांनी मला बोलावलं. "अण्णा, पूजा जरा लवकर उरकत जा. तुमच्यामुळं दत्तूलाही उशीर होतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तोच की."

ज्या पूजेला मी रोज त्याच्यासाठी कात्री लावत होतो, तिचंच नाव त्यानं पुढं केलं होतं.

मी दत्तूला तिथंच बोलावलं आणि त्याच्यासमोर खरं काय ते सांगितलं.

बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "अण्णा, तुमी देवमाणूस. तुमाला कोण बोलणार हाय? म्हणून तुमचं नाव सांगितलं की."

हे जास्त लागलं. तुमच्यापैकी किती जणांना असं देवमाणूस म्हणून वापरलं गेलंय?

सुट्टी झाल्यावर तो नेहमीसारखा गाडीजवळ उभा होता. "चला की अण्णा."

"न्हाय दत्तू. आजपासून तुझं तू बघ."

आणि मी एकटाच घरी आलो.